पाकीटबंद जळाऊ लाकडाचा छोटा धंदा सुरू करतोय, जाणकारांनी मार्गदर्शन करावं

मावळवारा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. पवना धरणाच्या अंगाला आमची थोडी भातशेती आहे. भात निघालं की जमीन जूनपर्यंत पडून राहते. धरणाच्या काठाने गेल्या काही वर्षांत तंबूंची वस्ती वाढली. शनिवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि रात्री प्रत्येकाला शेकोटी हवी असते.

हे लाकूड कुठून येतं ते मी जवळून बघतो. कुणाच्या बांधावरची परवा तोडलेली सुबाभूळ, ट्रॉलीभर ओल्या फांद्या, बांधकामाच्या रंग लागलेल्या फळ्या. पेटत नाही म्हणून डिझेल ओततात. लहान मुलं धुरात डोळे चोळत बसतात आणि त्याच निखाऱ्यावर पनीर भाजलं जातं. हे मला बघवत नाही.

माझा विचार असा: फूटभर लांबीच्या, नीट फोडलेल्या, खरोखर वाळलेल्या लाकडाची १० किलोची जाळीची पिशवी. आत पेटवायला ढलप्यांची एक जुडी. कॅम्पवाल्यांना आणि फार्महाऊसवाल्यांना पोच द्यायची. वडील म्हणतात, फुकट मिळणारी वस्तू विकत कोण घेईल? माझं म्हणणं, ओलं फुकट मिळतं, वाळलेलं मिळत नाही.

कोणतं लाकूड घ्यावं, वाळवावं कसं, कागदपत्रं काय लागतात, पैशाचं गणित बसतं का? सविस्तर लिहा. घाई नाही, पण या हंगामात सुरुवात करायची आहे.

---

बंबवाला_कोल्हापूर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३५

भावा, आमची वखार आजोबांपासून आहे. आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत आंघोळीला बंब पेटतो, त्यामुळे बंबाचं जळण हा आमचा रोजचा व्यवहार. तुझा विचार बरोबर आहे. वखारीत येणारं जुनं गिऱ्हाईक लाकूड हातात घेतं, दोन फोडी एकमेकींवर आपटतं. ठण्ण आवाज आला तरच वजन करायला सांगतं. ओल्याचा आवाज बसका येतो. तुझ्या कॅम्पच्या गिऱ्हाइकाला हे माहीत नाही, म्हणून त्याच्या वतीने ते तुला करावं लागेल.

आता लाकूड.

बाभूळ: जळणाचा राजा. जड, निखारा टिकतो, धूर कमी. पण वाळायला वेळ खाते, आणि वाळल्यावर फोडायला गेलास तर कुऱ्हाड उसळते. तोडली की त्याच आठवड्यात फोडायची. काटे बाजूला काढणं हे वेगळं काम आहे, त्याची मजुरी धरून ठेव.

सुबाभूळ: तुझ्या भागात मुबलक. फोडायला सोपी, लवकर वाळते, लवकर पेटते. निखारा बाभळीएवढा टिकत नाही. सुरुवात याच लाकडावर कर. एकच त्रास आहे. सालीसकट ठेवलीस तर भुंगा लागतो आणि थप्पीखाली पिवळं पीठ पडायला लागतं. फोडून, जमेल तेवढी साल काढून उन्हात टाकलीस की तो प्रश्न बराच कमी होतो.

सुरू: किनारपट्टीला मिळतं. फार उत्तम जळण, थोडं ओलं असलं तरी पेट घेतं. तुझ्यापर्यंत आणायचं भाडं परवडेल का ते बघ.

चिंच: उष्णता जबरदस्त. फोडताना घाम काढते, धागे एकमेकांत गुंतलेले असतात. पाचर आणि घण लागतो.

निलगिरी: चांगली जळते, पण तडतडते. वास काहींना आवडतो, काहींचं डोकं चढतं. ओली असतानाच फोडायची.

आंबा: हलका, मध्यम जळण. तोडायला परवानगी लागते, त्यावर जाणकार बोलतील.

घेऊ नये अशी यादी जास्त महत्त्वाची आहे. कण्हेर विषारी, तिच्या धुराजवळ कुणाला बसवायचं नाही. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. बिब्ब्याचं लाकूड चुकूनही नको, ते अंगावर उततं आणि धूरही बाधतो. बांबू अखंड टाकला तर पेरं फुटून निखारे उडतात. शिवाय आपल्याकडे बांबू जाळणं बरेच लोक अशुभ मानतात, गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला कशाला हात लावा. आणि रंगाच्या फळ्या, प्लायवूड, लॅमिनेट यांना थारा नाही.

---

नाशिककर_७२ | १० नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मला शंका आहे. घरोघरी गॅस पोचला. मुंबईत तर उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि भट्ट्यांना स्वच्छ इंधनावर जायला सहा महिन्यांची मुदत दिली. म्हणजे दिशा उलटी आहे. आज धंदा उभा करून पाच वर्षांनी शेकोट्याच बंद झाल्या तर?

---

मावळवारा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:२०

रास्त शंका. म्हणूनच बेकरी आणि शहरातली हॉटेलं माझ्या हिशेबात नाहीत. रोज, दिवसभर, दाट वस्तीत जाळायचं लाकूड आणि आठवड्यातून एक रात्र उघड्या माळावर जाळायचं लाकूड यांत फरक आहे. आणि शेकोटी होणारच असेल तर ती कोरड्या लाकडाची व्हावी, एवढाच माझा आग्रह. यंत्रात मोठा पैसा गुंतवणार नाही. कुऱ्हाड, पाचरी, वजनकाटा, ताडपत्री, पत्र्याची शेड. शेड उद्या भातालाही कामाची.

---

हिशेबनीस | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

आकडे मांडतो. भाव मी धरलेले आहेत, त्या जागी तुमच्या गावचे घाला. रीत मात्र तीच ठेवा.

समजा ताजं तोडलेलं लाकूड तुम्हाला जागेवर ५ रुपये किलोने पडलं. त्यात वजनाच्या ४५ टक्के पाणी धरा. १०० किलोत कोरडं लाकूड ५५ किलो. ते १८ टक्के ओलीवर आणलं की उरतं ६७ किलो. साल, भुसा, सडका भाग यांत आणखी ३ किलो गेले म्हणू. हातात ६४ किलो. म्हणजे ५०० रुपयांत ६४ किलो, किलोला साधारण ७ रुपये ८० पैसे. बहुतेक जण खरेदीचे ५ आणि विक्रीचे १० बघून 'दुप्पट सुटतात' म्हणतात आणि तिथेच बुडतात.

पुढे फोडणं, रचणं, भरणं यांची मजुरी किलोला ३ रुपये धरा. जाळी, लेबल, सुतळी मिळून पिशवीला १२ रुपये, म्हणजे किलोला १ रुपया २० पैसे. पोच किलोला दीड रुपया. बेरीज १३ रुपये ५० पैसे. १० किलोची पिशवी तुम्हाला १३५ रुपयांना पडली, आणि त्यात तुमची स्वतःची मेहनत, शेडचा खर्च, अडकलेल्या पैशाचं व्याज नाही. ती कॅम्पवाल्याला १८० ते २०० च्या आत देऊ नका. तो पाहुण्याला कितीला देतो तो त्याचा व्यवहार, फक्त छापील किमतीच्या वर नको.

आता हंगामाचं. आठवड्याला ४० पिशव्या, ऑक्टोबर ते मे असे ३२ आठवडे. ४०० किलो गुणिले ३२, म्हणजे १२.८ टन वाळलेलं लाकूड. त्यासाठी ओलं लागेल बरोबर २० टन. ५ रुपयांनी एक लाख. पुढच्या हंगामाचा हा लाख रुपया पहिली पिशवी विकायच्या आधी थप्पीत बसलेला असतो. माझ्या मते या धंद्यात भांडवल लागतं ते या वाट पाहण्याला, अवजारांना नाही. पहिल्या वर्षी एवढं करू नका. चौथा हिस्सा करा.

जागेचंही बघा. सुबाभळीसारखं मध्यम वजनाचं लाकूड रचलं तर १३ टनांना ३५ घनमीटरच्या आसपास जागा लागते. फूटभर रुंद, दीड मीटर उंच, १० मीटर लांब अशा सात-आठ ओळी. दोन ओळींत माणूस फिरेल एवढी वाट सोडून.

---

ऊनसावली | १० नोव्हेंबर, दुपारी ४:४०

मी पाचगणीत छोटा होमस्टे चालवते, म्हणजे तुमचं गिऱ्हाईकच. मला काय हवं ते सांगते.

आमचा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, झाड तोडणं सोपं नाही आणि ते नसावंच. त्यामुळे लाकूड खालून, वाईकडून येतं. टेम्पोवाला टाकून जातो ते कधी चांगलं, कधी अर्धं ओलं. तक्रार केली की म्हणतो, 'ताई, दोन दिवस उन्हात टाका.' पावसाळ्यानंतरच्या धुक्यात उन्हात कुठे टाकू?

मला नग सारखे हवेत. मनगटाएवढ्या जाडीचे जास्त, दंडाएवढे थोडे. पाहुणे स्वतः पेटवतात आणि त्यात त्यांना आनंद असतो, म्हणून पेटवायची जुडी हवीच. तुरीच्या काड्या किंवा नारळाचं सोडण द्या, वर्तमानपत्राचे बोळे नकोत. पिशवी फाटू नये, कारण मुली ती जिना चढवून नेतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे शुक्रवारी सांगितलं तर शनिवारी दुपारपर्यंत आलं पाहिजे. एवढं जमत असेल तर मी दहा-वीस रुपये जास्त देईन आणि घासाघीस करणार नाही.

---

बंबवाला_कोल्हापूर | १० नोव्हेंबर, रात्री ९:०५

ताईंनी धंद्याचं मर्म सांगितलं. आता वाळवणाचं लिहितो, हे राहिलं होतं.

लाकूड गोल ओंडक्यात वाळत नाही. साल ही झाडाची रेनकोट आहे, पाणी आत धरून ठेवते. आधी फूटभराचे तुकडे, मग फोडी, आणि मग थप्पी. जमिनीवर थेट ठेवायचं नाही. खाली दगड किंवा जुने वासे टाकून वीतभर उंच घ्यायचं, नाहीतर खालचा थर ओल आणि वाळवी दोन्ही धरतो. थप्पीची लांब बाजू वाऱ्याला आडवी ठेव, म्हणजे वारा फोडींमधून आरपार जाईल. वरून पत्रा, बाजू उघड्या. लोक चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळतात आणि आतल्या आत बुरशी येते. ताडपत्री फक्त माथ्यावर.

आत्ता नोव्हेंबरात फोडलेली, मनगटाच्या जाडीची सुबाभूळ मावळातल्या उन्हावाऱ्यावर फेब्रुवारीत विकण्याजोगी होते. बाभूळ, चिंच यांना पुढच्या हंगामापर्यंत हात लावू नको. आणि मेअखेर सगळा माल छपराखाली, यात सूट नाही. तुझ्याकडचा पाऊस आमच्याहून मोठा आहे.

प्रत्येक थप्पीवर खडूने महिना लिही. जुनी आधी उचलायची. साधी गोष्ट आहे, पण माझ्या वखारीत यावरच सगळं चालतं.

---

ओलावामापक | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मी लाकूड-प्रक्रियेत काम करतो, एक तांत्रिक भर घालतो. दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र घ्याच. पण ते बाहेरच्या पृष्ठभागावर टोचू नका, बाहेरून लाकूड नेहमी कोरडंच दाखवतं. थप्पीच्या मधली फोड उचला, ती पुन्हा उभी फोडा आणि ताज्या फोडलेल्या अंगावर, मध्यभागी, धाग्याच्या दिशेने सुया टोचा.

दुसरं, ही यंत्रं ओलीचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनावर सांगतात. हिशेबनीस यांनी ते एकूण वजनावर धरलंय. यंत्रावरचे २० म्हणजे एकूण वजनाच्या १६.७ टक्के पाणी. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त एकमेकींत मिसळू नका. माझा सल्ला, यंत्रावर २० च्या वर गेलं तर पिशवी भरायची नाही.

याने फरक किती पडतो? पूर्ण कोरड्या लाकडात किलोमागे साधारण ४,४०० किलोकॅलरी उष्णता असते. एकूण वजनाच्या २० टक्के पाणी असेल तर हाती येतात साडेतीन हजारांच्या आसपास. अर्धं पाणी असेल तर दोन हजारांच्याही खाली. पाणी जळत नाही, उलट त्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते. आणि आग थंड राहिल्यामुळे न जळलेले वायू धूर होऊन बाहेर पडतात. मुलांच्या डोळ्यांत जातं ते हे.

पावसाळ्यात जपा. हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असेल तर छपराखालचं वाळलेलं लाकूडसुद्धा परत १८-२० टक्क्यांपर्यंत ओल धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये विकायचा माल बंद खोलीत ठेवावा लागेल.

---

रानवाटा | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

वनखात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. कागदांचं सांगतो, कारण या धंद्यात माणूस अडकतो तो इथेच.

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ मधल्या अनुसूचीत काही झाडं दिली आहेत. साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, अंजन, बिजा, हळदू, तिवस आणि खारफुटी. ही झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. चिंच आणि आंबा विकायला येईल तेव्हा शेतकऱ्याकडून परवानगीची प्रत घ्या. वाळलेलं आहे, पडलेलं आहे असं तोंडी सांगणं पुरत नाही. नगरपालिका-महापालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

वाहतूक हा स्वतंत्र विषय. सुबाभूळ, निलगिरी, सुरू यांना आपल्याकडे वाहतूक परवान्यातून सूट आहे, तरी गाडीत कागद ठेवा. कुणाच्या शेतातून घेतलं त्याचा सातबारा, विकल्याची सहीची पावती, ग्रामपंचायतीचा दाखला. बाकी जातींचं लाकूड भरण्याआधी तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी विचारा. नाक्यावर वाद घालण्यापेक्षा ते फार सोपं.

यंत्राबद्दल: मोटरवरचं आरा यंत्र बसवायचा विचार असेल तर थांबा. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या (जंगल वाचवण्यासाठीचा खटला) २००२ च्या आदेशानंतर आरा गिरण्यांवर कडक नियंत्रण आहे, परवान्याशिवाय ते चालत नाही. कुऱ्हाड-पाचरीने फोडणं वेगळं आणि गोल करवत लावून ओंडके चिरणं वेगळं. कोणतंही यंत्र घेण्याआधी त्याचं माहितीपत्रक घेऊन कार्यालयात दाखवा.

आणि राखीव वनातलं एक ढलपंही तुमच्या पिशवीत येता कामा नये.

---

कातकरवाडीची_शिक्षिका | ११ नोव्हेंबर, रात्री ८:१५

रानवाटा यांच्या शेवटच्या वाक्यावर थोडं लिहू द्या. आमच्याकडे डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बाया रोज दिसतात. धंदा वाढला की दलाल त्यांच्याकडे जातो, 'आण ताई, मी घेतो' म्हणतो. घरच्या चुलीपुरतं वाळकं सरपण आणणं एक, आणि व्यापाऱ्याला पुरवण्यासाठी आणणं दुसरं. गार्डाने धरलं तर धरली जाते ती बाई. दलाल सुटतो.

मावळवारा, तुम्ही मनाने चांगले दिसता, म्हणून स्पष्ट लिहिते. मोळ्या विकत घेऊ नका. त्याऐवजी फोडणं, रचणं, जुड्या बांधणं, पिशव्या भरणं ही कामं वाडीतल्या माणसांना द्या. रोख मजुरी, आठवड्याला, उचल न देता. कातकरी कुटुंबांच्या कोळसा-भट्ट्यांवर उचलीच्या बदल्यात अडकून राहण्याच्या गोष्टी रायगड-ठाण्यात सगळ्यांना माहीत आहेत. लाकडाचा धंदा त्या वाटेला जायला वेळ लागत नाही. काम पाऊस संपल्यावर सुरू होतं, आणि तेव्हाच ही कुटुंबं गाव सोडून बाहेर जातात. चार महिने घराजवळ काम मिळालं तर पोरं शाळेत राहतात. मला तुमच्या धाग्यात हे सगळ्यात मोठं वाटलं.

---

मावळवारा | ११ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. मोळी घेणार नाही. लाकूड फक्त सातबारा असलेल्या शेतातून. मजुरीचं तुम्ही म्हणता तसंच, उचल नाही आणि शनिवारी रोख. वाडीत बोलायला तुमच्यासारखं कुणी सोबत असलं तर बरं होईल, आमच्या शाळेच्या गुरुजींना विचारतो.

---

तासगावचा_बागायतदार | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

आमच्याकडे जुन्या द्राक्षबागा मोडतात तेव्हा खोडं शेताच्या कडेला ढीग करून पेटवून देतात. डाळिंबाच्या बागा तेल्या आणि मर रोगाने काढून टाकतात, तेही तसंच. दोन्ही लाकडं दाट, निखारा सुंदर. कुणी उचलून नेत असेल तर शेतकरी खूश, रान मोकळं होतं.

एक काळजी मात्र मनापासून सांगतो. द्राक्षाच्या खोडावर वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) आणि बाकीची औषधं पडलेली असतात, साल त्यात भिजलेली असते. शेकोटीला द्यायचं तर साल पूर्ण सोलून द्या. त्यावर अन्न भाजायला देऊ नका, पिशवीवर तसं छापा.

---

हिशेबनीस | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:००

छापण्यावरून आठवलं. वजन ठरवून बंद पिशवी विकली की पाकीटबंद वस्तूंचे २०११ चे वैधमापन (वजन-मापांचे) नियम लागू होतात. पिशवीवर वस्तूचं नाव, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, भरल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन. भरणारा म्हणून नोंदणीही करावी लागते. काटा प्रमाणित करून घ्या, शिक्का दरवर्षी बघा. २५ किलोच्या वरच्या पाकिटांना हे नियम नाहीत, पण ३० किलोची पिशवी कोण उचलणार?

इथे लाकडाची खास अडचण आहे. १८ टक्के ओलीवर भरलेली १० किलोची पिशवी एप्रिलच्या उन्हात १० टक्क्यांवर आली की ९.१ किलो भरते. चोरी कुणी केली नाही, पाणी उडालं. तरी छापलेलं वजन १० आहे. म्हणून चांगलं वाळल्यावरच भरा, आणि भरताना थोडं वरचं टाका. वाळवणाचा आळस असा दुसऱ्यांदा अंगावर येतो.

जीएसटी: जळाऊ लाकडावर कर शून्य आहे. फक्त करमुक्त माल विकत असाल तर नोंदणीची सक्ती नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, ती करून ठेवा, बँकेत उपयोगी पडते.

---

मिशिगनकर | १२ नोव्हेंबर, रात्री ११:५०

इथे पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, कॅम्पच्या दारात लाकडाच्या बांधलेल्या मोळ्या विकायला असतात. बहुतेक पाऊण घनफुटाच्या, कारण इथे वजनाऐवजी घनफळावर विकतात. घनफळ ओलीने फारसं बदलत नाही, त्यामुळे तुमचा वरचा घोळ इथे होत नाही.

पण सांगायचंय ते वेगळंच. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या आसपास एक हिरवा चमकदार भुंगा सापडला, आशियातून आलेला. त्याने ॲश जातीची कोट्यवधी झाडं मारली. स्वतः उडत तो फार लांब जात नाही. तो पसरला माणसांनी गाडीत टाकून नेलेल्या जळाऊ लाकडातून. तेव्हापासून बाहेरचं लाकूड आणू नका अशी मोहीम चालते. बरेच कॅम्पवाले उष्णता दिलेलं, शिक्का असलेलं लाकूडच आत घेतात. आपल्याकडे तशी सक्ती नसली तरी पीठ पडणारी थप्पी दुसऱ्या तालुक्यात नेऊ नये, आणि लाकूड शक्यतो विक्रीच्या जवळचंच असावं. तुमचा पवनेचा माल पवनेलाच विकायचा विचार मला या अर्थानेही पटला.

---

लीड्सवासी | १३ नोव्हेंबर, पहाटे ३:२०

इंग्लंडची भर. मे २०२१ पासून इथे २ घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर ओल २० टक्के किंवा त्याखाली हवी आणि पिशवीवर 'रेडी टू बर्न' शिक्का हवा. कारण घराघरांतल्या शेगड्यांचा धूर. सुरुवातीला छोटे विक्रेते कुरकुरले, पण ज्यांच्याकडे शेड होती त्यांचं काही अडलं नाही. मावळवारा, कायदा नसताना तुम्ही हाच आकडा स्वतःहून पिशवीवर छापलात तर तुमचं वेगळेपण तिथेच दिसेल.

---

सह्यभटक्या | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

एक विनंती. पिशवी विकताना आग कुठे पेटवू नये तेही सांगा. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर डोंगरउतारावरचं गवत ठिणगीची वाट बघत असतं. गडावर तर शेकोटी नकोच. पिशवीवर तीन ओळी पुरतील: उघड्या गवतावर पेटवू नका, जवळ बादलीभर पाणी ठेवा, झोपण्याआधी पूर्ण विझवा.

---

मावळवारा | १३ नोव्हेंबर, रात्री १०:००

सगळं वहीत उतरवून घेतलंय. आत्ता ठरलं ते असं. पहिल्या वर्षी ५ टन ओली सुबाभूळ, गावातल्याच दोन शेतांतून, सातबारा आणि पावती घेऊन. याच महिन्यात फोडून थप्पी. फेब्रुवारीत यंत्र २० च्या खाली दाखवेल तेवढाच माल भरायचा, उरलेला तसाच ठेवायचा. बाभूळ मिळाली तर वेगळ्या थप्पीत, पुढच्या वर्षासाठी. पिशवी कांद्याची जाळीची, कारण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं तर उरलेली ओल आत कोंडते. द्राक्षाची खोडं सध्या नाहीत, औषधांचं वाचून मन धजत नाही.

वडिलांना हिशेबनीस यांचं गणित वाचून दाखवलं. ते शेडच्या जागेला हो म्हणाले, पण घरापासून लांब बांध म्हणतात. किती लांब ठेवावी?

---

बंबवाला_कोल्हापूर | १३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

वडिलांचं ऐक. वाळलेल्या लाकडाची थप्पी पेटली तर बादल्यांनी विझत नाही. घर, गोठा, गवताची गंजी यांपासून निदान पन्नास फूट, आणि वरून विजेची तार जात नसावी. शेडभोवती चार-पाच फुटांची पट्टी खुरपून कायम स्वच्छ ठेव. वणवा आला तर तिथे अडतो आणि साप-विंचूही कमी येतात. माल उचलणाऱ्याला गमबूट आणि जाड हातमोजे तुझ्या खर्चाने दे. थप्पी नेहमी वरून उतरवायची, मधूनच फोड ओढायची नाही. घोणस आणि फुरसं खालच्या थरात गारव्याला बसतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) असतं का ते काम सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन विचारून ये, आणि तिथला फोन नंबर शेडच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घे.

---

ऊनसावली | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

फेब्रुवारीत पहिला माल भराल तेव्हा मला पाच पिशव्या पाठवा, पूर्ण पैसे देऊन घेते. तुमचा टेम्पो पवनेहून इथवर परवडणार नाही हे कळतं, पण वाईपर्यंत येणारी भाजीची गाडी असते, ती उचलेल. दोन पिशव्या मी लगेच पेटवीन आणि तीन तशाच व्हरांड्यात महिनाभर ठेवीन. मार्चमध्ये त्यांचं वजन आणि धूर दोन्ही इथे लिहीन.